टेकडी रोज चढते, मग वजनं कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. आई ६६ वर्षांच्या, राहणं कोथरूडला, रोज पहाटे वेताळ टेकडी, आठवड्यातून दोनदा योगासनांचा वर्ग. वजन ५८ किलो, शुगर नाही, बीपीची एक गोळी. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत, मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण बाईच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा) उणे २.८ आला, खुब्याचा उणे २.२. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व दिलं आणि जाता जाता "वजनं उचलायचे व्यायाम सुरू करा" असं सांगितलं. जिममधल्या मुलानं हातात अर्ध्या किलोचे डंबेल्स दिले. मावशी म्हणतात, हाड मोडेल, शिवाय या वयात अंग (गर्भाशय) बाहेर येईल. आणि आई म्हणतात, "मी रोज टेकडी चढते, मला आणखी काय करायचंय?" तुम्ही विचारताय, यातलं कोणाचं ऐकू?

डॉक्टरांचं ऐका. पण त्यांच्या त्या एका वाक्यात किती वजन, कुठून सुरुवात आणि कोणाच्या नजरेखाली, यातलं काहीच नव्हतं आणि सगळा घोळ तिथेच झालाय. ती जागा मग जिममधल्या मुलानं आपल्या भीतीनं भरली आणि मावशींनी आपल्या. गेली बरीच वर्षं मी पुण्यात फिजिओ म्हणून काम करते, त्यातही साठीच्या पुढच्या बायकांसोबत जास्त. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार जड उचलून दुखावलेल्या थोड्या असतात. वर्ष-वर्ष इतकं हलकं उचलत राहिलेल्या की शरीराला त्याची दखलही घ्यावी लागली नाही, अशा कितीतरी जास्त.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण आईंना मी पाहिलेलं नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की त्यांची उंची थोडी कमी झाल्यासारखी वाटते. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट असेल, तर मणक्यांचा बाजूनं काढलेला एक्स-रे हवा. मणक्याचं फ्रॅक्चर पुष्कळदा फारसं दुखतच नाही. बाई थोडी वाकते आणि घरचे म्हणतात, वय झालं. जुनी उंची ठाऊक नसेल तर लग्नाच्या वेळी स्थळांकडे पाठवलेल्या माहितीत सापडेल (तेव्हा एखादा इंच वाढवून लिहायची पद्धत होती, तेवढा वजा करा). एक्स-रेमध्ये दबलेला मणका दिसला, तर पुढे मी लिहिलेलं जसंच्या तसं लागू होणार नाही. व्यायाम तरीही होईल, पण फिजिओनं समोर उभं राहून शिकवलेला आणि बऱ्याच सावकाश चालीनं. बीपी आटोक्यात नसेल, चालताना छातीत दाटून येत असेल, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी त्या त्या डॉक्टरांचा होकार. आणि व्यायाम सुरू केला म्हणून गोळी बंद करायची नाही. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. त्या टप्प्यावर औषध आणि व्यायाम दोन्ही लागतात.

आईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो रास्त आहे. टेकडी हृदयाला, शुगरला, झोपेला, मनाला उत्तम. सपाट रस्त्यावर फिरण्यापेक्षा चढ-उतार केव्हाही चांगला, तेव्हा ती सोडायची नाहीच. पण हाड आणि स्नायू बदलतात ते सवयीपेक्षा जास्त भार पडला की. दहा वर्षं तीच टेकडी, तोच रस्ता, तेच अंगाचं वजन. शरीरानं त्याची तजवीज कधीच करून ठेवली आहे. शिवाय टेकडी चढताना मनगट, दंड, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांना जवळजवळ काहीच काम नसतं.

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगानं होते. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं अलीकडचं, पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यानचं आहे. म्हणजे आईंची ती वर्षं केव्हाच मागे पडली. आता चालू आहे ती सावकाश झीज, आणि तिच्या जोडीला स्नायूंची. त्यातही झटक्यात ताकद लावणारे तंतू आधी कमी होतात. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरायला नेमके तेच लागतात. खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर पडण्यानं होतात. त्यामुळे हाडाची घनता हा अर्धाच प्रश्न आहे. न पडणं हा उरलेला अर्धा, आणि तिथे पायांची ताकद आणि तोल गोळीपेक्षा जास्त कामाला येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत चालण्याबरोबर आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत आणि ६५ च्या पुढच्यांसाठी ३ दिवस तोल व ताकद यांचे. चालणं हे ताकदीच्या व्यायामात मोजलेलं नाही.

मग "हाड मोडेल" या भीतीचं काय? ती खुळचट नाही. पूर्वी आमच्याही क्षेत्रात ठिसूळ हाडांच्या बायकांना जड काही देत नसत. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या एका अभ्यासानं ती समजूत बरीच हलवली. त्याचे निकाल २०१८ मध्ये छापून आले. पाळी गेलेल्या, ५८ च्या पुढच्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका. त्यातल्या एका गटानं ८ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास व्यायाम केला: डेडलिफ्ट (खाली ठेवलेलं वजन खुब्यातून वाकून उचलत उभं राहणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठ-बस), वजन डोक्यावर ढकलणं आणि बारवरून पायांवर दणकन उतरणं. वजन किती? एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त, ५ वेळा, असे ५ सेट. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. इजा म्हणाल तर एकीच्या कंबरेत उसण भरली, तेवढीच.

हे वाचून आईंना उद्या बारखाली उभं करू नका. त्या बायका छोट्या गटात, जाणकाराच्या सततच्या देखरेखीखाली होत्या आणि पहिला महिना त्यांनी हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकण्यात घालवला. मी त्या अभ्यासातून एवढंच घेते की ठिसूळ हाडांची बाई नीट शिकून, पायरी पायरीनं, खरोखर जड वजनापर्यंत पोचू शकते आणि हाड त्याला उत्तर देतं. वयाचं म्हणाल, तर १९९० मध्येच बॉस्टनच्या एका वृद्धालयात नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी ८ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनांनी व्यायाम केला होता आणि त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली होती. ६६ म्हणजे तरुणच की.

आता अर्धा किलो. म्हणजे अर्ध्या लिटर दुधाची पिशवी. आई दिवसातून त्याच्या कितीतरी पट वजनं उचलत असणार: दळणाचा डबा, भरलेली बादली, मंडईतून येणाऱ्या दोन पिशव्या, नातू. गंमत अशी की ही सगळी वजनं पाठ गोल करून, घाईत, वळता वळता उचलली जातात आणि त्यांना कोणी हरकत घेत नाही. जड उचलणं तर आयुष्यात आहेच, ते शिकून उचलावं एवढंच माझं म्हणणं.

मी सुरुवात कशी करते ते सांगते. पहिले दोन-तीन आठवडे वजनांपेक्षा हालचालींवर जातात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश. खुर्ची खोल वाटली तर वर उशी ठेवून उंच करायची आणि दर आठवड्याला उशी पातळ करत जायची. मग कंबरेऐवजी खुब्यातून वाकणं. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि शिकायला सगळ्यात चिवट. पाठीवर एक काठी उभी धरायला लावते, म्हणजे लाटणं नाही, केरसुणीचा दांडा वगैरे. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही जागा काठीला टेकलेल्या राहिल्या पाहिजेत. ढुंगण मागे ढकलत वाकायचं, गुडघे थोडे मोकळे. आपल्या बायका जन्मभर केर काढताना, रांगोळी घालताना पाठीतून वाकलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी काठी हटकून सुटते. सुटू दे. साधारण पंधरवड्यात अंगात बसतं.

ते बसलं की वजन. कडीची पिशवी किंवा कॅन, त्यात ५ लिटर पाणी, पण जमिनीवरून नाही. पाटावर किंवा स्टुलावर ठेवलेलं, म्हणजे फार खाली जावं लागत नाही. हाच डेडलिफ्ट. याच्या जोडीला स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून छाती ओट्याकडे नेणं आणि परत ढकलणं, दाराला अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणं, बुटक्या पायरीवर एका पायानं चढणं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं आणि शेवटी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ चालणं. पाच-सहा प्रकार झाले, पुरे. प्रत्येकाचे दोन किंवा तीन सेट, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा. आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस रिकामा. बीपीची गोळी चालू आहे, म्हणून श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना सोडायचा. जमिनीवर झोपून करायचं काही असेल तर त्यातून झटकन उठायचं नाही.

वजन पुरेसं आहे हे कसं ओळखायचं? सेट संपताना विचारायचं, "आणखी किती वेळा जमलं असतं?" दोन-तीन असं उत्तर आलं तर वजन बरोबर. "कितीही" असं आलं तर वजन हलकं आहे, भले त्या दमल्यासारख्या वाटोत. "एकही नाही" असं आलं किंवा पद्धत बिघडली तर जड. बारा वेळा सहज होऊ लागलं की पुढच्या वेळी थोडं वाढवायचं, पायांच्या व्यायामात एक-दोन किलो, हातांच्या त्याहून कमी. हा वाढवायचा नियम पाळला नाही तर बाकी सगळं बरोबर करूनही हाती काही लागत नाही. बागांमधली ओपन जिमची यंत्रं मला यासाठीच अपुरी वाटतात. अंग मोकळं होतं, गप्पा होतात, पण बहुतेक यंत्रांवर वजन वाढवायची सोयच नसते.

इथवर घरी चालेल. डेडलिफ्ट पंधरा-वीस किलोकडे सरकू लागला की प्रत्यक्ष पाहणारं कोणीतरी हवं. माझ्याकडच्या साठीतल्या बऱ्याच जणी सहा-आठ महिन्यांत तिथवर येतात. दबलेला मणका किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्यांना जास्त वेळ लागतो आणि काही जणी दहा-बारा किलोवरच थांबतात. तेही चालतं. उड्या मात्र मी शेवटी घेते, तोल आणि पाय पक्के झाल्यावर, आणि सगळ्यांना देतही नाही.

योगासनांबद्दल पुण्यात बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं, पण बोलते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सिनाकी आणि मिकेल्सन यांनी ठिसूळ मणक्यांच्या बायकांवरचं एक निरीक्षण छापलं. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींना मणक्याची नवी फ्रॅक्चर झाली, पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींना. अभ्यास छोटा होता आणि जुना आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा धरून बसू नका, पण दिशा महत्त्वाची आहे. उणे २.८ असताना पश्चिमोत्तानासन, हलासन, पाठ गोल करून पायाला डोकं लावणं आणि झटका देऊन पीळ देणं थांबवा. वीरभद्रासन, भिंतीजवळचं वृक्षासन, बेतानं केलेलं शलभासन राहू द्या. ती फायद्याचीच आहेत. वर्गात रिपोर्ट दाखवा. अय्यंगार परंपरेत शिकलेल्या शिक्षकांना खुर्ची, पट्टे, ठोकळे घेऊन आसन बदलून देण्याची सवय असते. असे शिक्षक मिळायला पुण्यात तरी अडचण नसावी.

मावशींची दुसरी भीती अंग बाहेर येण्याची. तिला हसून सोडून देऊ नका, कारण या वयाच्या कितीतरी बायकांना खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब सुटतात आणि त्या कोणालाही सांगत नाहीत, लेकीलाही नाही. आईंना एकांतात विचारा. खाली जड वाटणं, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, असं काही असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओकडे. तसं काही नसेल तर पायरी पायरीनं वाढवलेलं वजन, श्वास सोडत उचललेलं, हे घाबरण्याचं कारण नाही. वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ आणि जुना खोकला त्या भागावर जास्त दाब आणतात. व्यायामात थेंब सुटला तर तो निरोप समजायचा. वजन कमी करा, श्वास तपासा, आणि तरीही होत राहिलं तर दाखवा.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो असं तुम्ही लिहिलंय. गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणं हाच पहिला उपाय मानला जातो. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी पूर्ववत होतं, ते मी चालवून घेते. गुडघा सुजला किंवा दुखणं दिवसेंदिवस चढत गेलं तर गुडघा कमी वाकवायचा, व्यायाम बंद करायचा नाही. पाठीत अचानक नवीन, टोचणारी कळ आली तर मात्र तिथेच थांबून डॉक्टर.

खाण्यात आमचं घोडं कायम पेंड खातं. पोळी-भाजी, पातळ वरण, ताक आणि रात्री "भूक नाही" म्हणून दूध-पोहे. त्यात चतुर्थी, एकादशी आणि साबुदाण्याची खिचडी, ज्यात दाण्याचा कूट सोडला तर प्रथिन नावालाच. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सर्वसाधारण शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वयस्कर माणसांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे आईंना दिवसाला ५८ ते ७० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंधरा, मूठभर दाण्यांत सात. नाश्त्यापासून वाटून घातलं तरच बेरीज जमते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारून. आणि आठवड्याची ती गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, खायचंही नसतं, चहासुद्धा नाही. त्या दिवशी गोळी आधी, अर्ध्या तासानं चहा-नाश्ता आणि मग व्यायाम, असा क्रम ठेवा.

जिम बदलायची का? त्या मुलाला आधी दोन गोष्टी विचारा. साठीच्या पुढच्या किती बायकांना तो शिकवतो, आणि तीन महिन्यांनी आईंच्या हातात किती वजन असेल असं त्याला वाटतं. पहिल्याच दिवशी जड द्यायला निघाला तर नको, आणि तीन महिन्यांनीही अर्धा किलोच म्हणाला तरी नको. फिजिओकडे पाच-सहा वेळा जाऊन पद्धत पक्की करायची आणि मग जिममध्ये किंवा घरी करायचं, हा मार्ग खिशालाही परवडतो.

आईंना पटवायचं कसं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. टी-स्कोअर दाखवून सहसा कोणी हलत नाही. खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर आडवे घ्यायला सांगा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईसाठी ११ पेक्षा कमी म्हणजे पाय अशक्त. टेकडी चढणाऱ्यांचे आकडेही कधी कधी दहाच्या खाली येतात आणि ते त्यांना स्वतःलाच खटकतं. आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. डेक्सा मात्र सहा महिन्यांत पुन्हा काढत बसू नका. हाडांतला बदल इतका सावकाश असतो की एवढ्यात आलेला फरक यंत्राच्या चुकीतच जमा होतो. डॉक्टर सांगतील तसं एक ते दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर.